तारणाची तारीख

माझे तारण, म्हणजे पापातून सुटका, नेमके कोणत्या दिवशी झाले, हा प्रश्न वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझ्यासमोर लेखी स्वरूपात आला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी तीन आठवडे घालवले. ते उत्तर आणि ते शोधण्याची रीत येथे नोंदवत आहे.

ते दुष्काळाचे वर्ष होते. आम्ही देवळाली प्रवराजवळच्या एका गावात राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि माझे पती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. रविवारी उपासनेपूर्वी मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शब्बाथशाळेत सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेत असे. आठवड्याचे सहा दिवस मी जे शिकवत असे ते मला पूर्ण येत होते. रविवारचा तास तेवढा असा होता की, त्यातला विषय माझाही अजून शिकून व्हायचा होता. नऊ वर्षांत तो तास मी दोनदाच चुकवला आणि दोन्ही वेळा कारण बाळंतपणाचे होते.

त्या वर्षी आमच्या मंडळीला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. वय सव्वीस, अभ्यास चोख, चष्मा नवा. आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी शब्बाथशाळेच्या शिक्षकांना सायक्लोस्टाइल केलेला एकेक तक्ता दिला. त्यात नाव, वय, वर्ग आणि तारणाची तारीख असे चार रकाने होते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने मंडळीसमोर त्या तारखेची साक्ष द्यायची होती.

"आणि तारीख आठवली नाही तर?" मी विचारले.

"बाई, ज्याला आपला पत्ता माहीत नाही, त्याने दुसऱ्याला वाट दाखवू नये," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले. "अशा शिक्षकांचा वर्ग आपण तूर्त दुसऱ्याकडे देऊ."

याचा अर्थ स्पष्ट होता. मला एक तारीख हवी होती आणि ती खरी हवी होती. खोटी तारीख सांगून मिळवलेल्या वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवणे मला जमले नसते.

मी एक वही घेतली आणि प्रारंभापासून सुरुवात केली. बाप्तिस्म्याची तारीख नोंदवहीत होती, परंतु तेव्हा मी दोन महिन्यांची होते आणि आईच्या सांगण्याप्रमाणे संपूर्ण विधीभर झोपले होते. झोपलेल्या विद्यार्थ्याला मी स्वतः कधी गुण दिले नाहीत. म्हणून ती तारीख वगळली.

त्यानंतर दृढीकरण, म्हणजे कळत्या वयात विश्वास पक्का करण्याचा विधी. चौदाव्या वर्षी बिशपसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो क्षण मला लख्ख आठवतो. दुर्दैवाने तो आठवतो तेलामुळे. आईने त्या दिवशी इतके खोबरेल चोपडले होते की, बिशपसाहेब आता हात कशाला पुसतील या एकाच चिंतेत मी गुडघे टेकले होते. त्यांनी हात पुसला नाही, पुढच्या मुलीच्या डोक्यावर ठेवला. मला फार हायसे वाटले. पण त्या समाधानाला तारण म्हणता येईल, असे वाटेना.

राहिली श्रीरामपूरची उज्जीवन सभा. ती दर उन्हाळ्यात मोठ्या मांडवात भरे. प्रवचनाच्या शेवटी उपदेशक विचारीत, "ज्यांना तारण हवे आहे, त्यांनी हात वर करावा." मी हात वर केला. एक स्वयंसेवक वहीत माझे नाव लिहून गेला. पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला. मला तारण तेव्हाही हवे होते, म्हणून मी पुन्हा हात वर केला. तिसऱ्या वर्षी स्वयंसेवक पेन्सिल थांबवून म्हणाला, "ताई, तुमचं झालंय ना?"

"झाले की नाही, असे विचारलेले नाही," मी म्हणाले. "हवे आहे का, एवढेच विचारले आहे."

त्याने नाव लिहून घेतले. अशा रीतीने लागोपाठ पाच वर्षे मी त्या वहीत नव्याने तारलेला आत्मा म्हणून दाखल झाले. त्या पाचांतील कोणती तारीख खरी मानावी, हे ठरवण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते.

माझ्या पतींनी वही पाहिली आणि म्हणाले, "आपल्या लग्नाची तारीख लिहून टाक. त्या दिवसापासून तुझं काय वाईट झालंय?"

"ती तुमच्या तारणाची तारीख आहे," मी म्हणाले. "तुमचा तक्ता आला की लिहीन."

सासूबाई समोरच ओसरीवर रेशनच्या मिलो ज्वारीतले खडे वेचत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या, परंतु आमच्या घरातील परीक्षा त्याच घेत.

"कसली तारीख धुंडाळती गं?" त्यांनी विचारले.

"माझं तारण कधी झालं, ते पाळकसाहेबांना लिहून द्यायचंय, आत्याबाई."

त्यांचा हात सुपात थांबला. "झालंय व्हय?"

मी वहीची पाने मागेपुढे चाळू लागले.

"तू या घरात आली त्या दिसापून रोज पहाटं देवाम्होरं तुझं नाव घेती मी," त्या म्हणाल्या. "काम झालं असतं तर त्यानं मला सांगितलं नसतं का? उगा म्हातारीला कशाला उठवील थंडीवाऱ्याचं?"

"मग अजून किती बाकी आहे?"

"ते त्याला ठावं. पर आदीपरीस लई बरी हायेस. पयल्या वर्साला तर तू माझी प्रार्थनासुदिक दुरुस्त करायचीस."

हे खरे होते. मी विचारले, "आणि तुमचं, आत्याबाई?"

"माझं तू सांग. सासूचं सुनेला ठावं असतं." त्यांनी एक खडा अंगणात भिरकावला. "का माझं नावच घेत न्हाईस?"

सूप पुन्हा हलू लागले. मी नऊ वर्षे मुलांना एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास शिकवत होते, आणि आत्याबाईंचे नाव घेऊन मी एकदाही प्रार्थना केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर मी त्यांच्यात कराव्या लागणाऱ्या सुधारणांची यादी देवाला देत आहे, असे माझ्या ध्यानात आले आणि मी थांबले. तिसऱ्या दिवशी यादी थोडी लहान झाली.

शेवटच्या रविवारी माझ्या आधी डायव्हरकाकांची साक्ष होती. हे निवृत्त ट्रकचालक थोरल्या मुलांचा वर्ग घेत आणि त्यांची साक्ष सर्वांना पाठ होती. दारू पिऊन मळीचा टँकर घाटात चालवत असताना ब्रेक गेले, त्यांनी प्रभूला हाक मारली आणि पुढची दोन चाके दरीच्या तोंडाशी थांबली. तारीख सतरा फेब्रुवारी, दुपारचे सव्वातीन. मी ती प्रथम ऐकली तेव्हा दरी बेताची होती. त्या रविवारी तिचा तळ दिसत नव्हता. पाळकसाहेबांनी तारीख आनंदाने लिहून घेतली.

मग मी उभी राहिले. वही उघडून झोप, तेल आणि पाच नोंदी जशाच्या तशा वाचल्या, आणि शेवटी म्हणाले, "प्रभूवाचून मला कोणी तारणारा नाही, एवढे मी निश्चित सांगू शकते. तारीख सांगू शकत नाही. आमच्या घरातील जाणकारांच्या मते काम अपुरे आहे."

बायकांच्या बाजूला आत्याबाईंनी मान डोलावली.

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, शास्त्रात घटका विचारलेली आहे. राजाच्या अंमलदाराचा आजारी मुलगा प्रभूच्या शब्दाने दुरून बरा झाला, तेव्हा कोणत्या घटकेला उतार पडला, याची चौकशी झाली."

मी ही गोष्ट त्यापूर्वीच दोनदा वाचली होती. "झाली, साहेब. पण ती मुलाच्या बापाने चाकरांकडे केली. प्रभूने केली नाही. आणि तो मुलगा ज्या घटकेला बरा झाला, तेव्हा तापात पडलेला होता. त्याला स्वतःला विचारले असते तर सांगता आले नसते."

पाळकसाहेबांनी तक्त्यातील माझ्या नावावर पेन टेकवले. मला वाटले, वर्ग गेला. मी वही मिटली.

तेवढ्यात डायव्हरकाका पुन्हा उभे राहिले. "पाळकसाहेब, माझी तारीख खोडा."

"का, काका?"

"ब्रेक गेल्ते, ते खरं हाय. हाक मारली, तेबी खरं. पर दिस ध्यानात न्हाई. मागल्या साहेबांनी इचारलं तवा म्होरं कॅलेंडर हुतं, त्यातली एक सांगितली. आन बाटली काय त्या दिशी सुटली न्हाई. दोन वर्सं गेली पुढं."

"तीन," बायकांच्या बाजूने त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

"तीन," काकांनी मान्य केले. "आन दरी... तिथं एक नाला हुता."

ते खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या साक्षीने माझ्या डोळ्यांत प्रथमच पाणी आले. माझ्यासाठी त्यांनी एक संपूर्ण दरी बुजवली होती.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी स्वतःची तारीख सांगितली. ते सोळा वर्षांचे असताना, वडिलांच्या मृत्यूनंतर आठव्या दिवशी, गोठ्यात. त्यांनी फार थोडे सांगितले आणि आम्ही सर्वांनी त्यावर विश्वास ठेवला. काहींना दिवस ठाऊक असतो, हेही मी त्या सकाळी शिकले.

"मला वाटले होते, सर्वांचे असेच असते," ते म्हणाले. त्यांनी तक्त्याच्या चौथ्या रकान्यावर उभी रेघ मारली. "बाई, पुढच्या रविवारी वर्ग नेहमीच्या वेळी घ्या. डायव्हरकाका, तुम्हीही. मात्र नालाच सांगा."

घरी परतल्यावर मी बायबलातील प्रभूची चारही चरित्रे, म्हणजे शुभवर्तमाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत याच एका प्रश्नासाठी वाचली. तुझे तारण कधी झाले, असे प्रभूने कोणाला विचारल्याचे मला आढळले नाही. त्याने एका बापाला कालावधी विचारला आहे, पण तो मुलाच्या आजाराचा आहे, बरे होण्याचा नाही. तुला काय हवे, असे मात्र त्याने विचारले आहे, आणि त्या प्रश्नाला हात वर करणाऱ्याला त्याने परत पाठवलेले नाही. ही माझी पाहणी आहे आणि तीत चूक असू शकते. तरी वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. चारही शुभवर्तमाने स्वतः वाचून हे ताडून पाहावे, ही विनंती.