आधी आलेला वरचा दात

माझ्या मुलीला सातव्या महिन्यात दात येऊ लागले, तेव्हा तिच्या हिरड्यांबद्दल घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत होतं. साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. आम्ही बेंगळूरला जयनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सासूबाई आमच्याजवळ, आणि मिरजेहून आलेला माझा धाकटा भाऊ. त्याच कारखान्यात त्याला तीन महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलं होतं. ते महिने नीट पार पडले तर नोकरी कायम होणार होती. आमचे वडील नव्हते, आई मिरजेत एकटी, आणि हा एकुलता एक भाऊ. वेगळी खोली घेण्याची त्याची ऐपत नव्हती. आमच्याकडून निघावं लागलं असतं तर तो सरळ मिरजेच्या गाडीत बसला असता.

मुलगी दिवसभर किरकिरायची. लाळेने झबली भिजायची आणि हाताला लागेल ते तोंडात जायचं. सासूबाईंचे उपाय ठरलेले होते. सकाळी सहाणेवर बाळगुटी उगाळायची, प्रत्येक मुळीचे वेढे मोजून, आणि चांदीच्या बोंडल्याने पाजायची. मग हिरड्यांवर मधाचं बोट फिरवायचं. हल्लीचे डॉक्टर वर्षाच्या आत मध देऊ नका म्हणतात. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी सासूबाईंनी ऐकलं नसतं. चघळायला ज्येष्ठमधाची जाडशी कांडी होती. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी गार केलेलं लांबलचक गाजर होतं. शेजारच्या कन्नड बाईंनी वेखंडाच्या मण्यांचं कडं आणून तिच्या मनगटात घातलं आणि स्वल्प चावू दे, सरी होतं, म्हणजे थोडं चावू दे, बरं वाटेल, असं त्यांच्या मराठीत सांगून गेल्या. माझा यातल्या बऱ्याच गोष्टींवर विश्वास नव्हता. मी बी. ए. झाले होते आणि ते घरात कुणाला विसरू देत नव्हते. पण गाजराने मुलगी गप्प व्हायची, हे मलाही मान्य होतं. भाऊ कामावरून आला की तिला मांडीवर घेऊन गाजराचं दुसरं टोक धरून बसायचा. तिथे ती सगळ्यांत लवकर उगी राहायची.

सासूबाई बेळगावकडच्या. बोलणं कमी, आणि जे बोलायच्या त्याला पुरावा मागायची सोय नसे. एकदा गुटी उगाळता उगाळता त्यांनी सांगितलं की दात नेहमी खालचे आधी यावेत. वरचा आधी आला तर मामाला जड जातो. मग खालचा येईपर्यंत मामाने त्या लेकराचं तोंड बघायचं नसतं, एका छपराखाली राहायचं नसतं. त्यांच्या पहिल्या मुलाला वरचा दात आधी आला होता आणि त्याच वर्षी त्यांचा भाऊ तापाने गेला. एवढं सांगून त्यांनी हळकुंड उचललं आणि वेढे मोजायला लागल्या. मला हसू आलं होतं, ते मी पदराआड दाबलं.

त्यानंतर आठवड्याभरात मी मुलीच्या हिरड्यांवर बोट फिरवत होते आणि वरच्या बाजूला टोचलं. तांदळाच्या कणीएवढं. खाली बोट फिरवून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. हसू वगैरे काही आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की सासूबाईंना कळलं तर भावाला आज संध्याकाळी घराबाहेर काढावं लागेल. त्यांच्या शब्दापुढे माझा नवरा बोलणार नव्हता, आणि भाऊ तर एक अक्षर न बोलता ट्रंक उचलणार होता.

म्हणून मी तो दात लपवायचं ठरवलं. नाकापेक्षा जेमतेम दोन बोटं खाली असलेली वस्तू दोन खोल्यांच्या घरात लपवायची म्हणजे काय, हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. मी सासूबाईंना सांगितलं की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिरडीला एकाच माणसाचं बोट लागू दे. हे धादांत खोटं होतं. त्या बरं म्हणाल्या आणि मधाची वाटी माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून मध मी लावायची, गाजर मी द्यायची, ज्येष्ठमध मी धरायची. मुलीचं तोंड रिकामं राहू द्यायचं नाही, हा माझा एकच नियम होता. कारण रिकामं तोंड हसतं, आणि ती हसली की वरचा ओठ थेट नाकाला भिडायचा. भाऊ टाळ्या वाजवून तिला हसवायला लागला की मी त्याच्यावर खेकसायची. दात येताना मुलांना हसवू नये, असा एक नवाच नियम मी काढला. शेजारणी माझं कौतुक करायच्या, किती काळजी घेते म्हणून. मी मान डोलवायची.

आता कबूल करायला हरकत नाही की त्या दिवसांत मी भावाकडेही फार बघायची. उमेदवारांना कारखान्याची बस नव्हती, तो सायकलने जायचा. मी त्याला मोठ्या रस्त्याने जाऊ नको म्हटलं. लांबून जा, पण आतल्या रस्त्यांनी जा. तो शिंकला की कपाळाला हात लावून बघायची. तो म्हणायचा, अक्का, तुला झालंय तरी काय. मी म्हणायची, कुठे काय. सासूबाईंच्या समजुतीवर माझा विश्वास नाही, असं मी स्वतःला रोज सांगत होते. सायकल फाटकाशी वाजली की मगच भात चुलीवर ठेवायची.

त्याच सुमाराला सासूबाईंनी संध्याकाळचं जेवण सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, पोट स्वल्प जड आहे. मी ओवा भाजून त्यात सैंधव घालून रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे ठेवायची. त्या चिमूटभर तोंडात टाकायच्या, वर पाणी प्यायच्या आणि जपमाळ घेऊन बसायच्या. वय झालं की पचन मंदावतं, असं मी नवऱ्याला समजावून सांगितलं. माझ्या डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

बारा-तेरा दिवस असे गेले. मग एका रविवारी दुपारी, मी न्हाणीघरात कपडे धूत असताना भावाने मुलीला हसवलंच. त्याची हाक आली. मी ओल्या हातांनी धावत बाहेर आले. तो तिचा खालचा ओठ बोटाने दाबून दाखवत होता. खाली दोन दात, शेजारी शेजारी, नुकते वर आलेले. मी रोज वरच्या दातावर पहारा देत होते, तोवर खालचे कधी निघाले ते मला कळलंसुद्धा नाही.

"अक्का, वर तर मोठाच आहे की," तो म्हणाला. "हा आधीचा दिसतोय."

सासूबाई खिडकीशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी हातातली वात पुरी केली, उठून आल्या, मुलीच्या तोंडात बघितलं आणि देवाजवळ साखर ठेवायला सांगितली. वरच्या दाताबद्दल त्यांनी विचारलं नाही. भाऊ सायकल खोलून साफ करायला बाहेर गेला.

संध्याकाळी मी सवयीने ओवा घेऊन त्यांच्यापुढे गेले. त्यांनी बशी बाजूला सारली.

"आता ओवा नको. आज जेवते," त्या म्हणाल्या. "एकवेळ राहीन म्हटलं होतं देवाला, खालचा येईपर्यंत."

मला समजायला वेळ लागला. मग मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं होतं. त्या म्हणाल्या, बोंडलं तोंडाला लावलं तेव्हा चांदीवर टकटक वाजलं, मधाची वाटी तुझ्याकडे दिली त्याच दिवशी सकाळी. बोटांचा बंदोबस्त मी केला होता, बोंडलं मात्र रोज सकाळी त्यांच्याच हातात होतं. म्हणजे डॉक्टरीणबाईंचं नाव घेऊन मी थाप मारली, तेव्हाही त्या जाणून होत्या.

"मग तुम्ही त्याला घालवलं का नाही?" मी विचारलं. "तुमचा तर विश्वास आहे."

त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं. तिच्या तोंडातली ज्येष्ठमधाची कांडी काढून पदराने तिची हनुवटी पुसली.

"माझ्या भावाला मी दारातनं परत लावलं होतं," त्या म्हणाल्या. "भाच्याला बघायला बारा कोस चालत आला होता. बघायचं नसतंय म्हणून मी पाण्याचा तांब्या पण बाहेरच ठेवला. सगळं नीट पाळलं बघ मी. तरी गेलाच. लेकराला बघून तरी गेला असता."

मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्या उपासावर तेरा दिवस मी ओवा चारत होते. मी बशी उचलली. बाहेर सायकलच्या पंपाचा आवाज थांबला आणि भाऊ हात धुवायला मागच्या दारी गेला.

"त्याला बोलव," सासूबाई म्हणाल्या. "आज आधी त्याला आणि मला वाढ."

मी दोन पाट शेजारी शेजारी मांडले. मुलगी त्यांच्या मांडीवरच होती. भाऊ येऊन बसला, तेव्हा त्यांनी तिचं तोंड त्याच्याकडे वळवलं.