हळदीची चाल

बाबांचे पुढचे दात पायोरियाने गेले आणि आमच्या घरातलं क्लॅरिनेट बंद झालं. कवळी बसवली, पण क्लॅरिनेटची वेताची पत्ती तोंडात जशी धरावी लागते, तशी ती कवळीवर धरता येईना. फुंकलं की एकतर नुसती हवा जायची, नाहीतर कवळीच हलायची. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि लग्नसराईत घाटकोपरच्या एका बँडमध्ये वाजवायचे. आमच्या भटवाडीत त्यांना फिटर म्हणून कोणी ओळखत नसे, सगळे मास्तरच म्हणत. दात गेल्यावर त्यांनी काही दिवस खटपट केली आणि मग क्लॅरिनेट आपल्या शिष्याला देऊन टाकलं. हा शिष्य मरोळच्या गावठाणातला, ख्रिश्चन घरातला. चर्चच्या बँडमधून बाबांकडे आला होता आणि बरीच वर्षं आमच्या पुढच्या खोलीत बसून शिकला होता. पुढे तो दुसऱ्या बँडमध्ये गेला, येणं कमी झालं, मग थांबलंच. बाबांनी त्याचा विषय कधी काढला नाही, आणि गाण्याचाही.

बँडमध्ये असताना बाबांची एक खासियत होती. वरातीत ते सगळ्यांबरोबर सिनेमाचीच गाणी वाजवत. पण मुलगी सासरी निघाली की हात वर करून बाकीच्यांना थांबवत आणि एकटे एक चाल वाजवत. ती चाल त्यांच्या आईची. राजापूरकडच्या आमच्या गावात लग्नाआधी बायका जात्यावर हळद दळायला बसत, तेव्हा म्हणायचं गाणं. शब्द बाबांना अर्धेच आठवत, चाल मात्र पुरती. तिसऱ्या ओळीत मध्येच, एका शब्दाचे दोन तुकडे करून, ती चाल थांबायची. मी लहानपणी विचारलं होतं, इथे का थांबता? बाबा म्हणाले होते की तिथे आजी जात्यात हळकुंडांची मूठ टाकायची. जात्यात अशी वैरण घालायला हात उचलला की गळाही तेवढ्यापुरता थांबायचा. मूठ पडली की गाणं पुढे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. चाळीत एकेका घरात टीव्ही येत होते. आमच्याकडे खिडकीत ट्रान्झिस्टरच होता, आणि आईला तोच बरा वाटायचा, कारण त्याच्यासाठी हातातलं काम टाकून बसावं लागत नाही. मी तेव्हा अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात लागले होते. एका रविवारी सकाळी आई ओट्यापाशी बांगडे साफ करत होती, बाबा आरशासमोर दाढी करत होते आणि रेडिओवर नवी मराठी गाणी चालली होती. निवेदिकेने सांगितलं की आता एका नव्या रेकॉर्डमधलं गाणं. गायिका नवी, संगीतकारही नवा. सुरुवातीलाच कसलेसे इलेक्ट्रॉनिक सूर आले, मग ड्रम. आई म्हणाली की हे असलं कोण ऐकतं, बदल ते. मी उठलेही. पण मला ते गाणं आवडायला लागलं होतं. शहरात एकट्या राहणाऱ्या मुलीचं गाणं होतं आणि ती मुलगी रडत नव्हती, हे मला फार बरं वाटलं. म्हणून मी बटणापाशी नुसतीच उभी राहिले.

दुसऱ्या कडव्याआधी ड्रम थांबला आणि क्लॅरिनेट आलं.

बाबांचा रेझर गालावर थांबला. चाल तीच होती. थोडी संथ केलेली, पण तीच. तिसरी ओळ आली, सूर अर्ध्यात थांबला, मूठभर हळद पडायला लागेल तेवढा वेळ गेला, आणि सूर पुढे निघाला. मग पुन्हा ड्रम, पुन्हा ती मुलगी. गाणं संपल्यावर निवेदिकेने गायिकेचं, कवीचं, संगीतकाराचं नाव सांगितलं. क्लॅरिनेटवाल्याचं कोणी सांगत नाही.

“माझा पोरगा आहे तो,” बाबा म्हणाले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच होता.

आई म्हणाली, मुंबईत क्लॅरिनेटवाले काय कमी आहेत? बाबा म्हणाले, वाजवणारे पुष्कळ असतील, तिथे थांबणारा एकच आहे. मग ते आजीबद्दल बोलायला लागले. मांडवात कोण कोण बायका असत, जातं कोणाच्या घरचं आणायचे, हळदीने आजीचे हात पुढे किती दिवस पिवळे राहत. आई बांगडे तसेच ठेवून ऐकत बसली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही यातलं बरंचसं तिने ऐकलेलं नव्हतं.

ते गाणं मग वरचेवर लागायला लागलं. आमच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत रेडिओ लावत, तिथेही एकदा लागलं. मी शेजारच्या मुलीला म्हटलं, हे मधलं क्लॅरिनेट आहे ना, ती चाल आमच्या घरची आहे. ती हसली आणि म्हणाली, हो का गं, मग आम्हाला पार्टी दे. पण ती स्वतः मरोळची, म्हणून मी बाबांच्या शिष्याबद्दल विचारलं. तो माणूस तिला ठाऊक निघाला. चर्चमागच्या विहिरीजवळ राहतो, आता स्टुडिओत वाजवतो, असं तिने सांगितलं.

बाबा जायला तयार नव्हते. आपण गेलो तर त्याला वाटेल, मास्तर श्रेय मागायला आले. मी म्हटलं, श्रेय नका मागू, फक्त छान वाजवलंस म्हणून सांगा. पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर बसने मरोळला आले.

शिष्य व्हरांड्यात हाफ पँटवर पेपर वाचत बसला होता. बाबांना बघून तो उठला, आत गेला, फुल पँट घालून आला आणि मग पाया पडला. त्याची बायको आणि म्हातारी आई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी ठरवलेलं वाक्य म्हटलं, छान वाजवलंस. तो खाली बघत राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. संगीतकाराने कागदावर काही लिहून दिलंच नव्हतं. मुलगी घर सोडून आलीय, तेवढ्या जागेत काहीतरी वाजव, असं म्हणाला. शिष्याने जे वाजवलं ते सगळ्यांना आवडलं, पण मधला थांबा काढ, चूक झाल्यासारखं वाटतं, असं त्याला सांगण्यात आलं.

“मी त्यांना सांगितला, मास्तर,” तो म्हणाला, “ही चूक नाय. तिथे एक बाई जात्यात हळद टाकते.”

मग स्टुडिओतल्या सगळ्यांनी ते परत एकदा ऐकलं आणि थांबा राहिला.

बाबा म्हणाले की चौथ्या ओळीचा शेवटचा सूर तू किंचित चढा लावलास. शिष्य म्हणाला, हो, लागला खरा. हे ऐकून म्हातारी आई मोठ्याने हसली आणि आत चहा टाकायला गेली.

तेवढ्यात शिष्याने ते क्लॅरिनेट आणलं. बाबांचंच. सांध्यांवरची बुचं नवी बसवलेली, पण चांदीचा एक चाप अंगठ्याने झिजला होता तसाच होता. बाबांनी ते हातात घेतलं आणि बोटं आपोआप भोकांवर बसली. वाजवता येत नाही हे ते विसरले नव्हते, पण बोटं खाली-वर होत होती. शिष्याने ते बघितलं. तो बाबांच्या पुढ्यात पाठमोरा उभा राहिला, बाबांचे दोन्ही हात आपल्या बगलांखालून पुढे घेतले आणि पत्ती स्वतःच्या तोंडात धरली.

“बोटं तुमची,” तो म्हणाला, “हवा माझी.”

पहिला सूर फाटला. दारात बायको तोंडावर पदर घेऊन हसली. दुसऱ्यांदा सूर लागला. बाबांनी डोळे मिटले होते आणि त्यांची हनुवटी शिष्याच्या खांद्यावर टेकली होती. तिसऱ्या ओळीत दोघे एकाच वेळी थांबले. कोणी कोणाला खूण केली नव्हती. चौथ्या ओळीचा शेवटचा सूर या वेळी बरोबर लागला. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका कळशा खाली ठेवून बघत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि हे माझे वडील आहेत असं त्या प्रत्येकीला सांगावंसं मला वाटत होतं.

त्यानंतर बाबा दर रविवारी मरोळला जायला लागले. गावठाणातली पोरंपोरी शिष्याकडे शिकत, त्यांना बाबाही शिकवू लागले. फुंकता येत नव्हतं, म्हणून सगळं गाऊन दाखवत. कवळी काढून ठेवली की आवाज मोकळा येतो म्हणून ती शर्टाच्या खिशात ठेवत, आणि मुलांना त्याचं काहीच वाटत नसे. घरीही ते पुन्हा गाऊ लागले. आईला त्यातली अर्धी गाणी पाठ झाली.

दोन-तीन वर्षांनी त्या गावठाणात एक लग्न होतं. आम्हा तिघांना बोलावणं होतं. दुपारी नवरी निघाली तेव्हा चर्चच्या बँडने बाकीची वाद्यं थांबवली आणि एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने क्लॅरिनेटवर ती चाल वाजवली. माझ्या शेजारी सूटमधले एक वयस्कर पाहुणे होते. ते मला समजावून सांगू लागले की ही आमच्या मरोळची फार जुनी चाल, आमचे आजे-पणजे वाजवायचे. मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझा दंड धरला आणि त्या गृहस्थांना विचारलं, “पोरीने वाजवलं कसं?”

“एकदम झकास,” ते म्हणाले.

“मला पण तसंच वाटलं,” बाबा म्हणाले, आणि आईला घेऊन जेवणाच्या मांडवाकडे चालू लागले.