दाजींचा डावा कान

हुलसूरच्या म्हाताऱ्यांना यमाच्या खालोखाल कुणाची धास्ती असेल, तर ती आमच्या मामांची. मामा चित्रकार. गुरू कुणी नाही. ट्रॅक्टरवर मोर आणि किराणा दुकानांवर मराठी-कानडी पाट्या रंगवता रंगवता हात वळला, एवढंच शिक्षण. पुढे ते भिंतीवर हार घालून लावायच्या तसबिरी काढू लागले. इतर लोक माणूस गेल्यावर फोटो घेऊन गुलबर्ग्याला स्टुडिओत जात आणि तिथे सगळ्यांना एकच निळा कोट चढवून मिळे. मामांना हे पटेना. जिवंत माणूस समोर बसवूनच तसबीर काढायची, हा त्यांचा बाणा. पण मामांनी तसबीर पुरी केली की माणूस गेलाच, अशी गावाची खात्री. मामा गावाला अडाणी म्हणायचे. एकदा बसस्टँडवर त्यांनी एका वयस्क अप्पांच्या मिशा जरा निरखल्या, तर अप्पांनी घरी जाऊन त्याच दिवशी पोरांत शेताच्या वाटण्या करून टाकल्या. अप्पा अजून ठणठणीत आहेत आणि सुनांच्या हातचं गार जेवताना मामांना शिव्या घालतात.

माझ्या वडिलांना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच मामांना बोलावणं धाडलं. आठ दिवसांत चेहरा, टोपी, कपाळावरचं भस्म सगळं तसबिरीत उतरलं. डावा कान तेवढा राहिला. तो पुढचे तीन महिने राहिला. मामा रोज सकाळी यायचे, कान काढायचे आणि जमला नाही म्हणून जाताना पुसून टाकायचे. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, सख्ख्या भावाला एक कान येईना म्हणून. मीही चिडलो होतो. शेवटी वडीलच म्हणाले, "कानच हाय की. कामून लांबवायलास?"

मामा ब्रश धूत होते. वर न बघता म्हणाले, "तुमचा कान लई अवघड हाय दाजी. उद्या बघू."

वडील त्यांना उद्या लवकर ये म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गावाला अडाणी म्हणणारा हा माणूस रोज सकाळी येऊन वडिलांचा एकेक दिवस राखत होता. त्यानंतर मी कानाचा विषय काढला नाही.

वडील गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी म्हणालो, मामा, आता तरी तेवढा कान पुरा करा. ते रंगाच्या बाटल्यांची झाकणं लावत बसले होते.

"आता कुनाला बघून काढू?" ते म्हणाले.

तसबीर तशीच लावली आहे. हार जरा कानाच्या बाजूला सरकवा, असं पाहुणे सुचवतात. आई सरकवू देत नाही.