गूळ संपेपर्यंत थांबा

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी शिरूरच्या आमच्या कॉलेजातलं लॅक्टोज संपलं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, आणि माझा सगळा प्रयोग तिच्यावर. ती समोर आली की जंतू तिला तोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक चालू करतात, हे मला परीक्षकांना दाखवायचं होतं. मी मुळातच हट्टी. वडगाव रासाईला घरी गेले, लिंबू पिळून दूध नासवलं आणि ती साखर जिच्यात उतरते ती निवळी बरणीत भरली.

"कुणाला गं ही?" आईनं विचारलं.

"जंतूंना. जिवंत असतात ते."

"व्हय?" एवढंच म्हणून ती चुलीकडं वळली.

सकाळी लॅबमध्ये निवळी उकळून, निववून तिच्यात जंतू सोडले. अकराला त्यातले थोडे काढून धुतले आणि रसायन टाकलं. एन्झाइम असेल तर पिवळा रंग यायला हवा. नळी पांढुरकीच. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "मेलेत तुझे जंतू. पुढच्या वर्षी ये."

अख्खं वर्ष जाणार! चुकलं कुठं ते बघायला बरणीत उरलेली निवळी जिभेवर घेतली, तर गोड. गूळ! आमच्या घरी दारात आलेल्याला गुळाशिवाय पाणी देत नाहीत. आईनं जंतूंचाही पाहुणचार उरकला होता. आधी असा संताप आला म्हणता! आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. गुळात ग्लुकोज असतं. ते मिळतंय तोवर जंतू दुधातल्या साखरेकडं ढुंकूनही बघत नाहीत, ते जनुक जवळजवळ बंदच ठेवतात.

"सर, मेले न्हाईत ते!" घाईत गावाकडची बोलीच तोंडातून निघाली. "गूळ खात्यात. त्यो संपला की दुधावर येतील. दोनपर्यंत थांबा. पिवळं न्हाई झालं तर खुशाल नापास करा."

सगळी लॅब खो खो हसली. परीक्षक मात्र खुर्ची ओढून बसले.

साडेबाराला पांढुरकं. एकलाही तेच. पावणेदोनला रसायन टाकलं, आणि बघता बघता नळी हळदीसारखी पिवळी झाली. मी सगळ्यांदेखत उडी मारली. आजही सांगताना छाती फुगते.

परीक्षकांनी नळी खिडकीशी धरून पाहिली आणि माझ्या जर्नलवर सही केली.

"इतकी वर्षं पोरं मला काय झालं ते सांगतात," ते म्हणाले. "काय होणार, ते आधी सांगणारी तू पहिली."