अस्तेय सप्तमी

हेगजवळच्या झूटरमेर स्टेशनबाहेरून नीळकंठ दातारची सायकल तिसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हा त्याला वाईट वाटलंच, पण मनातून थोडा आनंदही झाला. चोरी कशाला म्हणतात याचं इतकं ताजं उदाहरण आयतं हाती आलं होतं. कापलेल्या साखळीचा तुकडा नाचवत तो घरात शिरला आणि बायकोला म्हणाला, "मंजूषा, ही बघ, ही चोरी! सकाळी सायकल होती, आता नाही. मी पावसात चालत आलो. आता मी कुणाचं सॉफ्टवेअर कॉपी करतो, तेव्हा कोण पावसात चालत घरी जातं, सांग!"

मंजूषा म्हणाली, "आधी ते बूट बाहेर काढ."

हा वाद त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. पुण्यात कॉलेजात असताना कुणाच्याही घरी नवा कॉम्प्युटर आला, की पेढ्यांच्या आधी नीळकंठला बोलावणं जायचं. तो सीडींचं जाडजूड पाकीट काखेत मारून यायचा, चहा प्यायचा आणि तासाभरात त्या रिकाम्या डब्यात सगळं भरून द्यायचा. एक पैसा घेतला नाही कधी. पुढे नोकरीच्या निमित्ताने तो नेदरलँड्सला आला, हेगमधल्या एका विमा कंपनीत टेस्टर झाला, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा पगार घेऊ लागला, केस पांढरे झाले, पण पाकीट काही सुटलं नाही. सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आला आणि पेनड्राइव्हच्या जागी व्हॉट्सअॅप ग्रुप. ग्रुपचं नाव होतं 'प्रसाद मंडळ'.

नाव त्यानेच ठेवलं होतं, आणि त्यामागे पुरतं तत्त्वज्ञान होतं. चोरी या शब्दाचा त्याला मनस्वी राग होता. ढापणं, उचलणं हेही त्याला चालायचं नाही. "प्रसाद वाटला की कमी होतो का?" तो विचारायचा. "नैवेद्य एकाने दाखवायचा, प्रसाद सगळ्यांनी खायचा. मी एक कॉपी विकत घेतो की नाही? घेतो. झाला नैवेद्य!" एक कॉपी तो खरोखरच घ्यायचा, त्यात कधी कसूर नाही. तीन सायकली गेल्यावर चौथी मात्र त्याने बाजारातल्या एका इसमाकडून इतक्या स्वस्तात घेतली, की ती मुळात कुणाची हे विचारायचं त्याने टाळलं. या मुद्द्यावर त्याचं तत्त्वज्ञान जरा गप्प असायचं.

तर असा हा माणूस मृदुला जोगळेकरच्या 'तिथीघर'ला भेटला.

मृदुला जवळच, लायडस्खेनडामला राहायची. नवऱ्याच्या परमिटवर आली, आणि नऊ वर्षं सरकारी कागदांवर 'डिपेंडंट' म्हणून नांदली. मग एके दिवशी तिने स्वतःच्या नावाने व्यवसायाची नोंदणी केली आणि एक अॅप काढलं. पुण्याहून आणलेलं कॅलेंडर इथे बिनचूक लागू पडत नाही. सूर्य इथे उशिरा उगवतो, तिथी कधीकधी एक दिवस अलीकडे सरकते, आणि चतुर्थीच्या चंद्राचं तर विचारूच नका, जून महिन्यात तो दर्शन देईपर्यंत उपवास करणारा झोपलेला असतो. मृदुलाने इथल्या आकाशाप्रमाणे सगळं गणित मांडलं. वर प्रत्येकाला आपल्या घरच्या तिथी त्यात घालून मिळायच्या.

नीळकंठची आई चार वर्षांपूर्वी पुण्यात गेली. कार्तिक वद्य षष्ठी. त्याला जाता आलं नाही, विमानांचा घोळ होता, आणि ते शल्य त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. पहिल्या वर्षी त्याने पुण्याच्या कॅलेंडरप्रमाणेच पान वाढलं. दुसऱ्या वर्षी मृदुलाने गणित करून दाखवलं, "नीळूभाऊ, पुण्यात मंगळवारी असली, तरी इथे यंदा षष्ठी सोमवारी येते," आणि स्वतःच्या हाताने त्याच्या अॅपमध्ये ओळ घातली: 'आईची तिथी (नीळकंठ दातार)'. त्या दिवशी त्याने तिला चार-चारदा धन्यवाद दिले होते.

आणि तरीही, महिन्याभरात त्याने तिच्या अॅपचा प्रसाद केला. झालं असं, की अॅमस्टरडॅमला बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहणारा त्याचा मित्र शशिकांत म्हणाला, "जरा बघायला दे ना." एक अॅप दोनच फोनवर चालेल असं मृदुलाने कुलूप घातलं होतं. नीळकंठला कुलूप दिसलं की हात शिवशिवतात. अर्ध्या तासात ते उघडलं, अॅप शशिकांतकडे गेलं, शशिकांतकडून ग्रुपवर, आणि ग्रुपवरून आइंडहोवन, उट्रेख्त, कुठे कुठे गेलं ते देवालाच ठाऊक.

दसऱ्याच्या दिवशी मृदुलाने सोनं देताना सांगितलं, "गुढीपाडव्याला तिथीघर बंद करतेय."

"अगं, का?" नीळकंठ दचकलाच.

"अकरा जण वापरतात, नीळूभाऊ. अकरा! नऊ वर्षांनी काहीतरी माझं म्हणून केलं, पण कुणाला नकोच असेल तर किती दिवस चंद्र मोजत बसू?"

नीळकंठला आधी आपलीच काळजी पडली. अॅप बंद झालं तर पुढच्या वर्षी आईची षष्ठी कोण काढून देणार? निदान पन्नास जण रोज सकाळी तुझंच अॅप उघडतात हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने आपट्याच्या पानाबरोबर खिशात घातलं आणि घरी येऊन दोन दिवस विनाकारण मंजूषावर चिडचिड केली.

माघ महिन्यात मृदुलाने तमाम ओळखीच्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. तिथीघरचं निरोपाचं जेवण, शनिवारी दुपारी, पुरणपोळी. तिचं सांत्वन करायला हवं असं सगळ्यांनाच वाटलं. फुकटात अॅप वापरणाऱ्यांना जरा जास्तच वाटलं.

नेमकं त्या शनिवारी सकाळी नीळकंठच्या फोनवर तिथीघरने घंटा वाजवली. 'माघ वद्य सप्तमी. अस्तेय सप्तमी. दिवसभर फलाहार. मीठ व पुरण वर्ज्य. जे आपले नाही ते आज वापरू नये.'

"मंजूषा, आज उपवास आहे," तो कळवळून म्हणाला. "पुरण वर्ज्य! आजच!"

"कसला उपवास?"

"मोठं व्रत दिसतंय. सप्तमी. आई असती तर तिला माहीत असतं." आईचं नाव निघाल्यावर मंजूषाने पुढे विचारलं नाही. दोघांनी एकेक केळं खाल्लं आणि सायकली काढल्या. आपली सायकल नक्की आपली आहे का, असा एक चोरटा विचार नीळकंठच्या मनात येऊन गेला. त्याने तो झटकला आणि पायडल मारलं.

मृदुलाच्या घरी तुपाचा वास जिन्यापर्यंत आला होता. पानं मांडली, पोळ्या आल्या, आणि मग गंमत सुरू झाली. पहिल्यांदा उट्रेख्तचं जोडपं म्हणालं, "आम्हाला नको हं, आज उपवास आहे." मग आणखी चौघं. मग सोफ्यावरची सगळी रांग. शशिकांत तर नखशिखांत भिजून, अर्धा तास उशिरा उगवला. "गाडी लीजची आहे ना," तो धापा टाकत म्हणाला, "आपली नाही. म्हणून ट्राम, ट्रेन, परत ट्राम. व्रत म्हणजे व्रत!"

पंचवीसपैकी सातच जण पानावर बसले. बाकीचे अठरा जण टेबलावरची केळी खाऊन, सालं हातात धरून पुरणपोळीकडे बघत उभे होते. मृदुला तुपाचं भांडं घेऊन मधोमध थांबली.

"कसला गं बाई उपवास एवढ्या सगळ्यांना?" तिने विचारलं. चेहरा अगदी भोळा.

"अस्तेय सप्तमी!" शशिकांत अभिमानाने म्हणाला. "तुला माहीत नाही? तुझ्याच अॅपमध्ये तर..." आणि थांबला. शशिकांतने मृदुलाकडून अॅप घेतलेलं नव्हतं, हे शशिकांतला, मृदुलाला आणि आता सगळ्या खोलीला माहीत होतं.

"अस्तेय म्हणजे काय पण?" मृदुला म्हणाली.

"नदीबिदीचं नाव असेल," शशिकांत पुटपुटला.

मंजूषा मगाचपासून कपाळाला आठ्या घालून उभी होती. ती दर बुधवारी झूटरमेरला एका डच बाईंच्या योगवर्गाला जाते, आणि त्या बाई आसनांच्या आधी पतंजली शिकवल्याशिवाय सोडत नाहीत. "थांबा," ती म्हणाली. "आमच्या योगाच्या बाई सांगतात ना! अहिंसा, सत्य, अस्तेय. अस्तेय म्हणजे... चोरी न करणे."

सात जणांपैकी एकाला ठसका लागला.

"हे व्रत कुठल्याच पोथीत नाही," मृदुलाने शांतपणे सांगितलं. "मी केलंय. आणि फक्त एकाच्या अॅपमध्ये घातलंय, त्याची कॉपी ज्याच्याकडे त्यालाच ते दिसलं."

कोणाच्या, ते तिने सांगितलं नाही, पण सगळ्या माना एकदम नीळकंठकडे वळल्या. त्याने केळ्याचं साल खिशात कोंबलं. पळून जावं असं फार वाटलं, पण तो मुळात भित्रा नव्हता.

"हो, प्रसाद माझाच," तो म्हणाला. "पण मृदुला, तुझं अॅप तुझ्याकडेच राहिलं ना? मी नेलं काय?"

"अॅप राहिलं, नीळूभाऊ," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "पण ते लोकांना हवंय, हे तुम्ही नेलंत. मला वाटत राहिलं, आपण केलेलं कुणाला नको. घरात रडले मी, माहितेय? आणि तुम्ही दसऱ्याला समोर उभे होतात. तुम्हाला आकडा ठाऊक होता. प्रसाद म्हणता ना? कमी होत नसेल तो. पण रांधणारीला जेवलात एवढं तरी सांगायचं!"

नीळकंठला आपली खरोखर लाज वाटली.

"तुला कळलं कसं?" एवढंच त्याने विचारलं.

"अॅपमधला माझा नंबर बघून आइंडहोवनच्या नंदाकाकूंचा कार्तिकात फोन आला. मुलाकडे राहतात त्या, अॅप कुणीतरी घालून दिलेलं. म्हणाल्या, 'आज यात आईची तिथी दिसतेय, नीळकंठ दातार म्हणून कुणी आहे. कोण ते माहीत नाही, पण कुणाची तरी आई आहे. मी खिरीची वाटी बाल्कनीत ठेवली. बरोबर केलं ना?'"

दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या टेस्टरने कुलूप काढलं होतं, आणि आपल्या आईची तिथी मात्र आतच ठेवली होती. खोलीत कुणीतरी हसलं. नीळकंठ हसला नाही. त्याने चष्मा काढला आणि तो सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.

"बसा आता," मृदुला म्हणाली. "व्रत माझं आहे. मोडायला मी परवानगी देते."

पाडव्याला तिथीघर बंद झालं नाही. नीळकंठ सोडून सगळ्या उपवासवाल्यांनी ते विकत घेतलं, त्यांनी पुढे ज्यांना प्रसाद वाटला होता त्यांनीही घेतलं, आणि ग्रुपवर सगळ्यांच्या मागे लागायचं काम नीळकंठने केलं. तो सुधारला असं म्हणवत नाही. परदेशी कंपन्यांची कुलपं दिसली की हात अजून शिवशिवतात. पण आता तो उघडण्याआधी थांबतो, आणि भाषण अजिबात देत नाही. मंजूषाच्या मते हा जास्त मोठा फायदा झाला.

नव्या अॅपमध्ये ज्याच्या त्याच्या घरच्या तिथी ज्याच्या त्याच्याकडे. कार्तिक वद्य षष्ठीला आईची ओळ फक्त नीळकंठच्या फोनवर उमटली. पान वाढून तो खिडकीशी बसला. गेल्या वर्षी कुठे कुठे तिची तिथी दिसली असेल, आणि यंदा कुठेच नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नीळकंठराव ना? मी आइंडहोवनहून नंदा. मृदुलाकडून नंबर घेतला हो. यंदा अॅपमध्ये तुमच्या आईंची तिथी दिसत नाही, पण मी गेल्या वर्षीच वहीत उतरवून ठेवली होती. तुम्हाला न विचारताच. चालेल ना?"

नीळकंठ खुर्चीवरून उठून उभा राहिला. "चालेल, काकू," तो म्हणाला.

"खीर केलीय. पण गेल्या खेपेला नुसतं 'नीळकंठची आई' म्हणून वाटी ठेवली, मनाला बरं वाटलं नाही. नाव काय त्यांचं?"

"उमा," नीळकंठ म्हणाला. "उमा दातार."

"थांबा हं," काकू म्हणाल्या, "लिहून घेते."