राहिलेले चाळीस किलोमीटर

गेंग शूफेन निवृत्त झाली आणि आठवड्याभरातच तिला घर खायला उठलं. चीनमधल्या तियानश्वे शहरातल्या एका शाळेच्या खानावळीत तिने सत्तावीस वर्षं कणीक मळली होती. अजूनही पहाटे चारला जाग यायची. हात शिवशिवायचे आणि मळायला काही नसायचं.

"आई, चौकात बायका नाचायला जमतात, तिथे जात जा," मुलगी जुआन म्हणाली.

शूफेन दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी तिने जुनी सायकल दुरुस्तीला टाकली, आणि महिनाभरात ती एकटीच गोबीच्या वाळवंटातून हामी शहराच्या दिशेने निघाली होती.

ल्यूयुआन गाव मागे पडलं आणि वारा आडवा आला. सकाळपासून ती अंग एका बाजूला कलवूनच पेडल मारत होती. दुपारी एका झोताने तिला सायकलसकट रस्त्याखालच्या खडीत फेकलं. गुडघा सोलवटला, त्याचं काही नव्हतं. पण मागच्या चाकाचे चार आरे तुटले आणि चाक फिरेना. तिने कोरडी रोटी चावत थोडा वेळ काढला. बसवेना. मग सायकल खांद्यावर घेऊन ती चालू लागली.

तासाभराने एक मालट्रक थांबला. हनान प्रांतातला दोउ नावाचा ड्रायव्हर होता.

"ताई, कुठे निघालात?"

"हामीला. सायकलवर."

"मला तर सायकलच तुमच्यावर बसलेली दिसतेय."

पाणी संपत आलं होतं. ती मुकाट्याने वर चढली. पण ट्रकमध्ये तिचा जीव लागेना. काचेबाहेर मैलाचे दगड भराभर मागे पळत होते आणि ती मान वळवून वळवून बघत होती.

"मागे काही विसरलात का?" दोउने विचारलं.

"रस्ता राहिला."

दोउने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि फ्लास्कमधलं गरम पाणी तिच्यापुढे धरलं.

वाटेतल्या शिंगशिंगशिया गावात त्याने तिला उतरवलं. तिथल्या पंक्चरवाल्याने आरे बसवून दिले. संध्याकाळी जुआनचा फोन आला. शूफेनने ट्रकमधून आल्याचं सांगितलं.

"चाळीसच तर किलोमीटर, आई. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना."

"मग आता काय, परत जाणार?"

समोरच्या वाडग्यातले नूडल्स गार झाले होते.

सकाळी तिने उलट्या दिशेच्या एका ट्रकला हात केला. जिथे पडली होती तिथे ती उतरली. खडीत चाकाचा ओरखडा तसाच होता. तिथून ती निघाली. वारा आजही तसाच. दोनदा उतरून चालावं लागलं, एकदा वारा चुकवायला रस्त्याखालच्या मोरीच्या नळात शिरून बसावं लागलं. चाळीस किलोमीटरला सात तास लागले. शिंगशिंगशियाला पोहोचल्यावर फार आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त मान मागे वळायची थांबली. आता ती पुढे बघत होती, आणि ते जास्तच त्रासाचं होतं, कारण पुढचा रस्ता हामीला संपत नव्हता.

त्यानंतर पाचव्या दिवशी ती हामीत शिरली. जुआन रेल्वेने येऊन थांबली होती. आईचा सोलवटलेला गुडघा, काळवंडलेलं तोंड बघून तिने भांडायचा बेत सोडला. दोघींनी फुटपाथवर बसून खरबूज खाल्लं.

"उद्याची दोन तिकिटं काढू ना?" जुआनने विचारलं.

शूफेनने साली गोळा केल्या, हात पुसले. "एकच काढ," ती म्हणाली. "पुढे तुरफानपर्यंत रस्ता चांगलाय म्हणतात."