बडीशेपेचं नाक

गोदामात त्याला सगळे 'नाक' म्हणायचे. हमालसुद्धा "ओ नाक, इकडे या!" अशीच हाक मारत. बडीशेपेचं पोतं उसवलं की तो चिमूटभर दाणे तळव्यावर रगडायचा आणि हुंगायचा. जुना माल, ओल लागलेला, आधीच तेल काढून घेतलेला, सगळं तिथल्या तिथं कळायचं. त्याने 'हं' केलं की पोतं घ्यायचं, नाहीतर परत. मालकसुद्धा त्यावर ब्र काढत नसे.

मग ताप आला. ताप गेला आणि जाताना मेला वासही घेऊन गेला! येईल परत, येईल परत, म्हणत तो वाट बघत राहिला. सांगणार कुणाला? वास न येणाऱ्या 'नाका'ला कोण विचारतो? हिरवा, टपोरा दाणा दिसला की 'हं' करायचं, असं तो निभावत होता.

पास केलेल्या मालातली मूठभर बडीशेप घरी न्यायची त्याची जुनी सवय. त्या संध्याकाळी बायकोने दाणे तोंडात टाकले आणि थू करून थुंकले.

"अहो, रॉकेलचा भपकारा येतोय हिला!"

"काहीतरीच!" म्हणत त्याने मूठच तोंडात कोंबली. गोडसर लागली, बाकी काही नाही. बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"वास येत नाही तुम्हाला. कधीपासून?"

"तापापासून."

ती रडली नाही, भडकली. "आणि माझ्या करपलेल्या भाजीला फस्क्लास म्हणत होतात!"

सकाळी तो पोचला तेव्हा तोच माल लॉरीत चढत होता. "थांबवा, मालक. मालाला रॉकेलचा वास आहे."

"काल तुम्हीच 'हं' केलंत ना?" मालक हसला. एक पोतं उसवून त्याने दाणे रगडले आणि तळवा सवयीने 'नाका'पुढेच धरला. "घ्या, बघा."

नुसतं 'येतोय' म्हटलं असतं तर नोकरी शाबूत होती. जिभेवर आलंही होतं. पण उद्याच्या पोत्याचं काय?

"मला काहीच येत नाही, मालक. बायकोला आला."

मालकाने तळवा स्वतःच्या नाकाशी नेला. तोंड वाकडं केलं. "उतरवा सगळं," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

तो लॉरीपाशी तसाच उभा राहिला. तळहात अजून सवयीने एकमेकांवर चोळत होता. पोतं पाठीवर घेतलेला हमाल समोर येऊन थांबला.

"अहो, जरा बाजूला होता का?"

गोदामात त्याला 'अहो' म्हणणारा हा पहिलाच.